रन, सेट आणि दोन जावा

धाकटीचा पाय सकाळपासून टेबलाखाली हलत होता. एकदा तो टेबलाला लागला, पेन्सिली गडगडत खाली गेल्या, त्या तिनं वाकून उचलल्या आणि पाय पुन्हा हलायला लागला. तिनं खिडकी उघडली, वारा येतो म्हणून लावली, कोंडल्यासारखं वाटतं म्हणून परत उघडली. पाठीमागच्या टेबलाशी तिची थोरली जाऊ बसली होती. तिनं मान वर न करता आपल्या कागदांवर एक जाडजूड पुस्तक ठेवून दिलं, म्हणजे उडायला नकोत. बोलली मात्र काही नाही. वर्ष होत आलं, या दोघी कामापलीकडे एकमेकींशी अक्षरही बोलत नव्हत्या, आणि रोज दिवसभर पाठीला पाठ लावून बसत होत्या.

सख्ख्या जावा एकाच कचेरीत कशा, असं कुणीही विचारेल. थोरली आधीपासून होती. धाकटी लग्न होऊन आली, इंग्रजी चांगलं, घरी बसून जीव रमेना, तेव्हा थोरलीनंच शब्द टाकून तिला इथं चिकटवून दिलं. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत देणारा मोठा कोश इथं तयार होत होता, आणि तो नुसता होतच होता. "झाला का हो तुमचा कोश?" असं कुणी विचारलं की पूर्वी दोघी एका सुरात "होतोय" म्हणायच्या आणि तोंडावर पदर घेतल्यासारख्या हसायच्या. ते हसू आता कुठं गेलं होतं कोण जाणे.

सध्या दोघींपुढे इंग्रजीतले दोन दांडगे शब्द होते. दिसायला टीचभर, पण अर्थ लिहायला बसावं तर तोंडाला फेस. रन धाकटीनं मागून घेतला होता. तिला आवडलाच तो. माणूस पळतो तो रन, नाक गळतं तेही रन, दुकान चालतं, नदी वाहते, कपड्याचा रंग जातो, सगळं रनच. निवडणुकीला आपण उभे राहतो, तिथं ते लोक पळतात, घ्या! सेट आपसूक थोरलीकडे आला. मोडलेलं हाड बसतं, सिमेंट घट्ट होतं, घड्याळ लावतात, ताटं मांडतात, कपबश्या एकसारख्या असतात, आणि सूर्य बुडतो तोसुद्धा सेट. धाकटी मनात म्हणायची, वहिनींना बरोबर मिळाला. जिथं ठेवाल तिथं बसणारा शब्द.

पण त्या दिवशी तिचं डोकं रनमध्ये नव्हतं. सकाळी नवऱ्याचा फोन आला होता. तो वर्षभरापूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि धाकटी मागं राहिली, कारण घरात सासूबाई होत्या. त्यांना इतक्या लांब न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. थोरलीकडे ठेवावं तर थोरली घ्यायला तयार नव्हती. निदान धाकटीनं नवऱ्याला तसं सांगितलं होतं.

"संध्याकाळपर्यंत सांग," तो सकाळी म्हणाला. "कंपनी घर देतेय. तू येणार असशील तर मोठं घेतो. नसशील तर मला एक खोली पुरे, आणि मग पुढचं काय ते दोघांनी नीट बोलू. मी आता थकलो गं."

"आईंचं काय करू?"

"तेच तर वर्षभर ऐकतोय."

"देऊ का आईंना फोन?"

"नको. घाई आहे."

घाई त्याला हल्ली रोजच असे. आधी तो आईशी बोलल्याशिवाय फोन ठेवत नसे. सासूबाई बाजूच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, हात अर्धवट पुढे करून. फोन ठेवल्याचं कळलं की तो हात त्या मांडीवर नेऊन ठेवायच्या. धाकटीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण तिनं त्याकडे काणाडोळा केला होता.

"चला," दुपारच्या सुट्टीनंतर दारातून प्रमुख संपादक म्हणाले, "आज, म्हणजे, झटकफेरी."

प्रमुखांना दोघी पूर्वी आपसांत स्वल्पविराम म्हणायच्या, कारण त्यांचं वाक्य दोन पावलं चाललं की दम खायला थांबे. पण झटकफेरी ही त्यांचीच युक्ती, आणि तिच्यावर ते जीव टाकत. कुठल्याही शब्दाचे अर्थ लिहून झाले की ते दुसऱ्यानं तपासायचे, आणि तपासायचे ते तोंडी. एकानं अर्थ वाचायचा, दुसऱ्यानं तत्क्षणी त्यावर एक वाक्य म्हणायचं. विचार करायचा नाही, घसा खाकरायचा नाही. वाक्य त्या अर्थात चपखल बसलं तर अर्थाला कोशात वेगळं घर मिळे. बसलं नाही, किंवा शेजारच्या अर्थाच्या गळ्यात जाऊन पडलं, तर दोन्ही अर्थ एका घरात. "विचार केला की माणूस, काय होतं, पुस्तकी बोलतो," असं प्रमुखांचं म्हणणं. "न विचार करता जे येतं, ते खरं."

आणि आज नुसती तपासणी नव्हती, तुलना होती. दोन्ही शब्दांना मिळून पानं ठरलेली. रनची घरं जास्त भरली तर सेटची पानं कापायची, सेटची भरली तर रनची. धाकटीला एरवी चुरस चढली असती. आज तिला फक्त उठून कुठंतरी चालत जावंसं वाटत होतं. कुठं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पळणे," तिनं वाचलं.

"दारावर घंटा वाजली की माझा मुलगा आतल्या खोलीत पळतो," थोरली म्हणाली.

"वेगळं घर," प्रमुख म्हणाले.

"चालवणे, उदाहरणार्थ धंदा, संस्था."

"पगार एकाचा आणि घर चालवायचं चौघांचं."

"वा. पुढे."

"नाक, नळ वगैरे गळणे."

"आईंचं नाक सकाळपासून गळतंय."

धाकटीनं वर बघितलं. थोरली समोरच्या भिंतीकडे बघत होती. असेल, म्हातारीचं नाक, कधीही गळतं. "कापडाचा रंग जाणे," तिनं वाचलं.

"नव्या निळ्या चादरीचा रंग गेला आणि आईंची उशी निळी झाली."

धाकटीचा पाय हलायचा थांबला. ती निळी चादर तिनं परवा घेतली होती. काल धुतली, काल उशी निळी झाली, आणि सासूबाई मिस्कीलपणे म्हणाल्या होत्या, आता स्वप्नं पण निळी पडतील. हे वहिनींना कसं कळलं?

"पुढे, पुढे," प्रमुख म्हणाले. "थांबायचं नाही, थांबलं की सगळं, तुम्हाला माहीत आहे."

"यंत्र चालू असणे."

"आईंच्या उशाशी रेडिओ दिवसभर चालू असतो, नाहीतर घर खायला उठतं म्हणतात."

"अंगात ताप असणे."

"मंगळवारी आईंना ताप होता."

म्हणाली आणि थोरलीनं जीभ चावली. पण झटकफेरीत निघालेलं वाक्य कुणाला परत घेता येतं?

"मंगळवारी?" धाकटी म्हणाली. "मला काही बोलल्या नाहीत."

"वाक्य उत्तम आहे," प्रमुख लिहीत म्हणाले. "वेगळं घर. आता उलट करू. सेट. तुम्ही वाचा, या सांगतील."

थोरलीनं आपले कागद घेतले. "मावळणे, सूर्य वगैरे."

"संध्याकाळपर्यंत सांगायचंय," धाकटी म्हणाली.

"हे बसत नाही. त्यात सूर्य हवा. पुढचा घ्या."

"ठरवणे. तारीख, वेळ."

"त्यानं ठरवलंय, मी नाही."

"हाड जागेवर बसवणे."

"मंगळवारी ताप होता आणि मला कुणी सांगितलं नाही!"

प्रमुखांनी पेन ठेवलं. माणूस भला. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "आपण, जरा, चहा घेऊ." आणि चहा त्या खोलीतच येतो हे विसरून स्वतःच बाहेर निघून गेले.

दार लागताच धाकटी उसळली. "तुम्ही दुपारी घरी जाता. माझ्या घरी. मी इथं डबा उघडून बसते आणि तुम्ही मागच्या गल्लीतून माझ्या घरी जाता!"

"हो."

"किती दिवस?"

"भाऊजी गेले तेव्हापासून. तू सुट्टीच्या वेळात काम ओढत बसतेस. आई एकट्या. मी जाऊन जेवायला बसते त्यांच्याबरोबर."

"आणि मला सांगितलं नाहीत? माझ्या घराची किल्ली..."

"आईंनीच दिली. सांगू नकोस म्हणाल्या. म्हणाल्या, धाकटीला वाटेल ती कुठं कमी पडली."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं करणारी बाई, आणि वर्षभर तोंड शिवून पाठमोरी बसली होती! ती खिडकीशी गेली, परत आली, खुर्ची ओढली, बसली नाही. "मग एवढंच प्रेम आहे तर तुमच्याकडे का नाही नेलंत त्यांना? मी वर्षभर अडकून पडलेय इथं. संसार माझा मोडायला आलाय, कळतंय का तुम्हाला?"

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं! तो गेला त्याच आठवड्यात."

"तू विचारलं नव्हतंस," थोरली शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणानंच धाकटीला जास्त लागलं. "तू म्हणालीस, 'वहिनी, तुमच्याकडची जागा लहानच, नाही का?' मी म्हटलं, हो, लहान आहे. लहान आहेच ती. मी वाट बघत होते की आता पुढचं विचारशील. तू 'मग झालं' म्हणालीस आणि गेलीस. नंतर भाऊजींचा ह्यांना फोन आला, की वहिनी आईला ठेवायला नाही म्हणाल्या. मी अवाक झाले. ह्यांच्यापुढे माझी काय शोभा झाली, ते तुला सांगत बसत नाही."

"मग तेव्हाच बोलायचं होतंत."

"राग आला होता. मीही माणूस आहे." थोरलीनं कागद एकावर एक ठेवले, उगीचच. "आता विचार. मी त्यांना आज घेऊन जाते. ह्यांना फोन करते, गाडी घेऊन येतील. आई आमच्याकडे, तू तुझ्या नवऱ्याकडे. संध्याकाळच्या आत."

झालं. वर्षभर ज्या दगडाला धाकटी टेकून बसली होती, तो थोरलीनं एका हातानं उचलून बाजूला ठेवला. आता धाकटीनं आनंदानं उडी मारायला हवी होती.

"तुमच्याकडे जिना आहे," ती म्हणाली.

"आमच्याकडे लिफ्ट बसली. तू आली नाहीस म्हणून तुला माहीत नाही."

"त्यांची औषधं... कुठली कधी ते माझ्याच डोक्यात आहे."

"दुपारची मीच देते."

"रात्री त्यांना दोनदा उठावं लागतं. कुणीतरी जवळ लागतं."

"मी झोपेन जवळ."

"त्यांना माझी सवय झालीय, वहिनी."

"होईल माझीही."

धाकटीनं आणखी काहीतरी शोधलं. सापडेना. खोलीभर चालून झालं होतं, खिडकी दोनदा उघडून लावून झाली होती. थोरली तिच्याकडे बघत होती, आणि वर्षात पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघत होती.

"अगं, इकडे बघ," ती म्हणाली. "विचार करायचा नाही. तुला जायचंय?"

"नाही."

शब्द बाहेर पडला आणि धाकटी मटकन खुर्चीत बसली. स्वतःच्याच तोंडून परक्या बाईचा आवाज आल्यासारखं तिला झालं. नवरा काही वाईट नव्हता. हात उगारणारा नव्हता, पिणारा नव्हता. पण तो घरात असला की तिला सतत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, सारखं घड्याळाकडे लक्ष जायचं. तो गेला त्या रात्री ती गाढ झोपली होती. सकाळी उठून तिनं आणि सासूबाईंनी चहा घेतला, दोघी कशावरून तरी खूप हसल्या, आणि त्या हसण्याची तिला इतकी लाज वाटली की दुपारी तिनं फोन करून त्याला सांगितलं, आई आहेत म्हणून, नाहीतर कालच आले असते. ते एकदा सांगितलं, मग रोज सांगितलं. बोलून बोलून तिलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

"मला वाटलंच होतं," थोरली म्हणाली. "नाही जायचं तर नको जाऊस. तो तुझा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. पण तू भाऊजींना काय सांगत आलीस? आई सोडत नाहीत. आई आहेत म्हणून. अगं, त्यांचा मुलगा वर्षभर त्यांच्याशी धड बोलला नाही. त्याला वाटतं, आईनंच बायको धरून ठेवलीय."

"तो घाईत असतो..."

"घाईत!" आता थोरलीचा आवाज चढला. "रोज दुपारी मला विचारतात, 'माझं काय चुकलं गं? मी तर तिला रोज म्हणते, जा.' म्हणतात की नाही तुला?"

म्हणायच्या. रोज म्हणायच्या, "तू जा बाई, माझं होईल काहीतरी." आणि धाकटी म्हणायची, "असं कसं आई, तुम्हाला टाकून कशी जाऊ?" आणि वर मायेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. ते आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली. आपण त्या म्हातारीचं सगळं केलं, औषध, पाणी, रात्रीचं उठणं, कशात कमी केलं नाही. आणि तिचा मुलगा मात्र तिच्यापासून तोडून टाकला, तोही चांगुलपणाचा आव आणून. रडू येत होतं, पण रडून मोकळं व्हायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून तिनं ते गिळलं.

"मंगळवारी ताप होता तेव्हा काय म्हणत होत्या?" तिनं विचारलं.

"त्याचं लहानपणीचं नाव घेत होत्या."

धाकटीनं फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. थोरली उठून बाहेर जायला लागली, तर धाकटीनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"बोल," पलीकडून नवरा म्हणाला. "ठरलं? आई काय म्हणते?"

"आई काही म्हणत नाहीत. आई कधीच काही म्हणाल्या नव्हत्या. त्या मला रोज जा म्हणतात. वहिनीही त्यांना घ्यायला तयार आहेत, पहिल्यापासून होत्या, मीच त्यांना कधी विचारलं नाही." एका दमात बोलत होती, थांबली तर संपलं हे तिला माहीत होतं. "मलाच यायचं नाहीये. तुझं काही चुकलं नाही. मला तिथं यायचं नाही, आणि ते सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी आईंना पुढे केलं. वर्षभर. त्यांना यातलं काही माहीत नाही."

पलीकडे त्याच्या कचेरीतली माणसं बोलताना ऐकू येत होती, कुठंतरी खुर्ची सरकली. ती त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ऐकतोयस ना?"

"मागच्या महिन्यात आईचा वाढदिवस होता," तो म्हणाला. "मी फोन केला नाही. मुद्दाम केला नाही."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं."

धाकटीनं थोरलीचा हात आणखी घट्ट धरला.

"मोठं घर नको म्हणून सांगतो कंपनीला," तो म्हणाला. "तुझं माझं नंतर बघू. आत्ता माझ्यानं तुझ्याशी बोलवत नाही. आई घरी आहे ना?"

"घरी आहेत. एकट्याच आहेत."

त्यानं फोन ठेवला.

प्रमुख चहा घेऊन आले, दोघींची तोंडं बघून कप गुपचूप टेबलावर ठेवले आणि आल्या पावली गेले. थोरली बरं केलंस असं म्हणाली नाही, आणि धाकटीला तसं कुणी म्हणायला नकोच होतं. संसाराचं काय होणार, सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं, संध्याकाळी त्या दारात उभ्या असतील तेव्हा पहिलं वाक्य काय बोलायचं, काही म्हणता काही सुचत नव्हतं. निदान त्याच्या आधी आपण सांगावं, आपल्या तोंडानं माफी मागावी, म्हणून तिनं घाईघाईनं घरचा नंबर लावला.

फोन व्यस्त लागत होता. ती थांबली, पुन्हा लावला, चहा गार झाल्यावर पुन्हा लावला. तरी व्यस्तच. आई बोलत होत्या.